पावसातलं कासव

सोलापूरला पाऊस खरा जोर धरतो तो सप्टेंबरात. आज दुपारपासून नुसती झोड उठलीय आणि माझं सगळं लक्ष अंगणातल्या कासवाकडे. हे सल्काटा जातीचं, मूळ सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या भागातलं. (केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची रीतसर नोंद आहे. आपलं तारा कासव मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पाळताच येत नाही. कुणी विकत असेल तर कृपा करून घेऊ नका.)

शेजारचे काका म्हणाले, "कासवाला पावसाचं काय भ्या?" पण जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही, साचलेल्या पाण्यात उलटं पडलं तर बुडतं. त्यात गारठा आणि ओल एकत्र आले की फुफ्फुसांना संसर्ग होतो. नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून श्वास दिसला, की थेट पशुवैद्य गाठायचा.

आज त्याचं खोपटं विटांवर चढवलं, पुढे फळीचा उतार केला, आत कोरडं गवत पसरलं. पोटाकडच्या कवचाच्या सांध्यात चिखल बसला होता. जुन्या टूथब्रशने काढायला गेलो तर पाय आत ओढून जोरात फुसकारलं! आईने जास्वंदीची पानं पुढे धरली, तेव्हा कुठे मान बाहेर आली.

रात्री त्याला घरातच घेणार. लाइटचा भरवसा नाही, आणि बल्बच्या उबेशिवाय त्याला बाहेर ठेवायला जीव धजत नाही.