आकडी आणि काठी

स्मरणिका समितीचा फोन आला, "शाळेनं तुम्हाला काय दिलं, त्यावर दोन-तीन पानं लिहा." शाळेनं मला दिलेल्यांपैकी लेखी पुरावा असलेली एकच गोष्ट माझ्याकडं आहे: आठवीच्या सहामाहीचं प्रगतिपुस्तक. त्यात कन्नडसमोर लाल शाईत २९ लिहिलंय. आता माझ्या ख्रिस्ती विश्वासाबद्दल लिहायला बसलोय आणि सुरुवात कन्नडच्या नापास गुणांनी करतोय, हे विचित्र वाटेल. पण ते २९ गुण पडले नसते, तर पुढचं बरंच काही झालं नसतं.

मी १९८७ च्या दहावीचा. तेव्हा कर्नाटकातली आमची निपाणी चिकोडी तालुक्यात होती. आमच्या वर्गात ख्रिस्ती मी एकटाच. नाव मराठी, आडनाव मराठी, डब्यात सगळ्यांसारखीच भाकरी आणि खर्डा, त्यामुळं कुणाला वेगळं काही दिसायचं नाही. फक्त रविवारी सकाळी क्रिकेटला मी नसायचो आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी वर्गात करंज्या वाटायचो. करंज्यांमुळं रविवारची गैरहजेरी माफ होती.

वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते. आई घरी विड्या वळायची. निपाणीच्या बाहेरच्यांना सांगायला हवं, की विडी वळणं म्हणजे बसून गप्पा मारत करायचं काम नव्हे. आदल्या रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा साचा ठेवून एकेक पान कात्रीनं कापायचं, सुपातली चिमूटभर जर्दा त्यावर पसरायची, बोटांत वळायची, टोक दुमडायचं, दोऱ्यानं बांधायचं. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. हजार विड्या म्हणजे चाळीस कट्टे, तेव्हा कुठं दिवसाची मजुरी. त्यातही कारखान्यात माल तपासणारा मूठभर विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढायचा, त्यांचे पैसे नाहीत. दोरा बांधायचं काम माझं आणि बहिणीचं. पाढे पाठ करत आम्ही दोरे बांधायचो.

आई वळताना गायची. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं तिला पाठ होती. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि मराठी मंडळ्यांना, म्हणजे चर्चना, त्यांच्याच मातीतली चाल दिली, हे मला पुढं वाचून कळलं. आईला ते काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच माहीत, की ही चाल हाताच्या वेगाशी जुळते. एकदा मुख्याध्यापक सर हजेरीची चौकशी करायला घरी आले होते. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पंढरपूर कधी चुकवलं नाही असा माणूस. उंबऱ्यावर थांबून त्यांनी आईचं सगळं कडवं ऐकलं आणि म्हणाले, "अहो बाई, हा तर अभंगच की!" आई लाजली आणि गायची थांबली. मला त्या वेळी फार राग आला. कशाचा, ते आजही नीट सांगता येत नाही.

१९८१ साली मी चौथीत होतो. तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं गेली. इतिहासात ते आंदोलन शेतकऱ्यांचं म्हणून नोंदलं गेलंय आणि ते खरंच आहे. आमच्या घरात मात्र ते 'काम नसलेले दिवस' म्हणून नोंदलं गेलं. वडील दाराशी बसून असायचे. आई दळणाआधी ज्वारीतून एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकायची, ती देवळाला, म्हणजे आमच्या चर्चला द्यायची मूठ. त्या दिवसांत तो डबा आम्ही उलटा करून खाऊ, असं मला वाटलं होतं. आईनं मूठ लहान केली, पण डब्याला हात लावला नाही. भुकेल्या पोराला असल्या गोष्टी थोर वाटत नाहीत. मला तेव्हा ती आडमुठी वाटली.

आता खरी गोष्ट. लिहावी की नको, असं दोनदा वाटलं.

१९८४ च्या मे महिन्यात मंडप घालून ख्रिस्ती जागृतीच्या सभा झाल्या. बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. तिसऱ्या रात्री त्यांनी विचारलं, "तंबाखूला हात लावणार नाही अशी शपथ कोण घेतं?" मी हात वर केला. अंगावर काटा आला होता, डोळ्यांत पाणी होतं, सगळं अगदी मनापासून. घरी आलो आणि आईला सांगितलं, मी दोरा बांधणार नाही. ती "बरं" म्हणाली. तेरा वर्षांच्या पोराला 'बरं' पुरत नाही. मी पुढं बोललो, "आपल्या घरातला पैसा पापाचा आहे. तू मूठ टाकतेस तीबी पापाची."

आईनं उत्तर दिलं नाही. त्या आठवड्यात ती रात्री दोनपर्यंत वळत बसायची, कारण माझे हात कमी झाले होते. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घ्यायच्या वेळी सगळे वेदीपाशी गुडघे टेकायला उठले तेव्हा ती बाकावर बसून राहिली. पुढच्या महिन्यातही. त्याच्या पुढच्या महिन्यातही. मी मात्र शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या बायबल वर्गात, पाठांतराचं बक्षीस मिळवत होतो.

शेवटी आमच्या मंडळीचे पाळकसाहेब घरी आले. सलाम झाला, चहा झाला. आई म्हणाली, "पोराचं खरं हाय, साहेब. ज्यानं माणसाची छाती जळती, ते मी हातानं करती." पाळकसाहेब बराच वेळ सुपाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "दुसरं काम मिळतंय का, आपण दोघंही बघू. नाही मिळालं तर नाही. पण त्या पंक्तीला बोलावणारा मी नाही, बाई, आणि उठवणारा तर नाहीच नाही." माझ्याकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसरं काम मिळालं नाही. निपाणीत तेव्हा गरीब बाईला वखार किंवा विडी, तिसरं फारसं काही नव्हतंच. आई त्यानंतरही दोन महिने वेदीपाशी गेली नाही, मग एका रविवारी काही न बोलता उठून गेली. मी दोरा बांधायला पुन्हा बसलो तो शपथ विसरून नाही. वडिलांच्या खोकल्यात रक्त दिसलं म्हणून बसलो.

त्यांना मिरजेच्या बाजूला वानलेसवाडीच्या क्षयरोग रुग्णालयात ठेवलं. मिरजेत १८९४ साली वानलेस डॉक्टरांनी मिशन हॉस्पिटल उभं केलं, त्याच परंपरेतलं ते. दोन महिने तिथं, मग घरी. औषधं अठरा महिने. निपाणीहून इचलकरंजीमार्गे एसटीनं जायचं, आईला दिवस मोडायचा म्हणून बऱ्याचदा मी एकटा. सहामाहीतले २९ गुण या फेऱ्यांतले.

रात्री मी प्रार्थना करायचो, "देवबापा, त्यांचा खोकला थांबव." खोकला थांबायचा नाही. मंडपातली ती अंगावर काटा आणणारी जवळीक कुठं गेली कळेना. आईला विचारलं तर म्हणाली, "तू सांगतोस लई. जरा गप बसून बघ की." प्रार्थनेबद्दल तिनं मला केलेला एवढाच उपदेश. कळला मात्र वीसेक वर्षांनी.

इथं शाळा येते. कन्नडच्या सरांनी मला मागं थांबवलं. त्यांचं मराठी आमच्या कन्नडइतकंच दिव्य होतं, पण माणूस मोठा. म्हणाले, "तुज्या घरात बायबल पाठ आहे ना? तेच कन्नड आण. अर्थ आधीच ठाऊक, शब्द आपोआप येतो." सीमाभागात कन्नड शिकणं म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. भाषेवर राग नव्हता, सक्तीवर होता, पण पोरांना तो फरक कळत नाही. तरी मी पाळकसाहेबांकडून कन्नड बायबल आणलं. मधल्या सुट्टीत सर माझ्याकडून तेविसावं स्तोत्र वाचून घ्यायचे: 'यहोवनु ननगे कुरुबनु.'

शेजारी माझा बाकावरचा सोबती डबा खात होता. तो अकोळचा, धनगराचा. अकोळ हे बाळूमामांचं जन्मगाव, म्हणून वर्गात त्याला सगळे 'मामा'च म्हणायचे. तो एकदम उसळला, "आयला, कुरुब म्हंजे आम्हीच की! तुमचा देव धनगर हाय?" सर हसून हसून बेजार. मराठीत 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर शब्बाथ शाळेतलं चित्र यायचं, पांढरा झगा, हिरवं कुरण, गोरा चेहरा. त्या दिवसापासून तिथं मामाचा बाप आला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, सुगी झाल्यावर मेंढरं घेऊन शेतातून फिरणारा, रानात कळप बसवून खताच्या बदल्यात धान्य घेणारा.

मुख्याध्यापक सरांनी पुढं मला परिपाठात तेच स्तोत्र मराठीतून वाचायला लावलं. काही पालक कुरकुरले असं ऐकलं, सरांनी ते आमच्यापर्यंत येऊ दिलं नाही. 'तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात' इथवर आलो. परिपाठानंतर मामानं गाठलं.

"काठीचं समजलं. आकडी कशाला धीर देती, सांग बघू?"

मला माहीत नव्हतं. बक्षीस मिळवलेल्या मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, मारायला असेल.

"खुळा हाईस. आकडीनं मेंढराला कोण मारतं? लांब वेळू, टोकाला विळ्यागत लोखंड. उन्हाळ्यात खाली गवत ऱ्हात न्हाई. मग बाभळीची उंच डहाळी आकडीनं वडून खाली आणायची. पिल्लाचं त्वांड तिथवर पोचत न्हाई, म्हणून. आकडी दिसली की मेंढरं पळत येत्यात."

पुस्तकातली आकडी कदाचित निराळी असेल, धर्मशास्त्र शिकलेल्यांना ते ठाऊक. माझ्यापुरता मामाचा अर्थ पक्का झाला. तोवर मी देव म्हणजे 'हे करू नको' म्हणणारी काठी समजत होतो आणि ती काठी उचलून आईवर उगारली होती. उन्हाळा आमच्या घरी चालूच होता. त्यात कुणीतरी वरची डहाळी खाली ओढत होतं, हे दिसायला मला धनगराचं पोरगं लागलं. विडी कामगारांच्या मुलांना कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळते, हे आम्हाला माहीतही नव्हतं. तो अर्ज मुख्याध्यापकांनी स्वतः भरला, आईचं ओळखपत्र कारखान्यातून मिळवायला स्वतः गेले. कन्नडमध्ये दहावीला ६१ पडले. वडील अठरा महिन्यांनी बरे झाले, वखारीत परत गेले नाहीत, एका दुकानात राखणीला राहिले.

आणि एक. नववीत असेन. रात्री जाग आली. दिव्याच्या उजेडात आई कट्टे बांधत होती आणि प्रत्येक कट्ट्याला पुटपुटत होती. विड्या मोजतेय असं वाटलं. कान दिला तर म्हणत होती, "जो कोण ही वडंल, त्येची छाती सांभाळ, बाबा." पुढचा कट्टा. परत तेच. रोज चाळीस वेळा. किती वर्षं म्हणत होती देव जाणे. मी डोळे मिटून पडून राहिलो. दुसऱ्या वर्षी मी मंडळीचा पूर्ण सभासद झालो, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला, सगळं रीतसर झालं. पण कुणी साक्ष द्यायला सांगितली की मी मंडपातल्या रात्रीबद्दल बोलत नाही, या रात्रीबद्दल बोलतो.

मी बेळगावात एक्स-रे तंत्रज्ञ आहे. तीसहून जास्त वर्षं लोकांच्या छात्यांचे फोटो काढतोय. विड्या ओढून काळवंडलेल्या छात्या रोज येतात, आणि त्यांतल्या कुणी आमच्या घरची विडी ओढली असेल, हा विचार अजूनही सुटत नाही. आई गेली. त्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडं नव्हतं, पाळकसाहेबांकडं नव्हतं, माझ्याकडंही नाही.

दोन वर्षांमागं मामा आला, त्याच्या बापाला घेऊन. म्हातारा वाळून काटकी झालेला, पटका तसाच. फोटोच्या आधी खिसे रिकामे करायला लावावे लागतात. त्यानं शर्टाच्या खिशातून चष्मा, दहाच्या दोन नोटा आणि अर्धा कट्टा काढून माझ्या हातावर ठेवला. मी काचेमागं गेलो. "श्वास घ्या, रोखून धरा," म्हणालो आणि बटण दाबलं. कट्टा डाव्या हातात होता. तोंडातून आईचं वाक्य गेलं, तिच्याच बोलीत.

बाहेर आल्यावर म्हाताऱ्यानं हात पुढं केला. मी चष्मा दिला, नोटा दिल्या. हात पुढंच. मामा माझ्याकडं बघत होता, बोलला काही नाही. मी कट्टा परत दिला.