तुम्ही विचारलंत म्हणून: अबाझा टिकेल का?

अबाझा म्हणजे रशियाच्या दक्षिणेला, कॉकेशसच्या डोंगराळ मुलखात राहणारे एक छोटे लोक आणि त्यांची भाषाही. त्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "एवढीशी माणसं, त्यांची भाषा टिकणार आहे का?" एवढीशी म्हणजे रशियाच्या २०१० च्या जनगणनेत ४३ हजारांच्या आसपास. आपल्याकडे तालुक्याच्या गावातही याहून जास्त लोक भरतील. पण मी आकड्याकडे फारसं बघत नाही. भाषेची स्वतःची गावं शाबूत आहेत का, हे आधी बघतो.

याच कुळातली उबिख भाषा घ्या. १८६४ मध्ये रशियाने कॉकेशसचं युद्ध जिंकलं आणि उबिख लोक जवळजवळ झाडून सगळे ऑटोमन मुलखात गेले. उबिख अस्खलित बोलणारे शेवटचे गृहस्थ, तेव्फिक एसेन्च, १९९२ मध्ये तुर्कस्तानात वारले आणि भाषा संपली. अबाझाही पुष्कळ गेले, पण थोडे मागे राहिले. रशियातल्या कराचाय-चेर्केसिया या प्रजासत्ताकात पसिझ, एल्बुर्गान, कुबिना ही त्यांची गावं आजही नांदती आहेत. २००६ मध्ये तिथे अबाझांचा स्वतंत्र जिल्हाही झाला. गावं नसली की काय होतं, ते इजिप्तमध्ये दिसतं. तिथलं अबाझा घराणं मातब्बर. इजिप्शियन सिनेमातला नट रुश्दी अबाझा त्यातलाच. आडनाव दणदणीत, बोलणं सगळं अरबीत.

भाषा म्हणाल तर व्यंजनं साठेक आणि स्वर मोजून दोन! 'चार' आणि 'चारा' यांतले दोन च आपण एकाच अक्षरावर भागवतो. तिकडे ती चैन नाही. १९३८ पासून लिपी सिरिलिक, म्हणजे रशियन लिहितात ती. एका ध्वनीसाठी कधी तीन चिन्हं जोडायची. त्यातलं एक चिन्ह म्हणजे नुसती उभी दांडी. ती रशियन कळफलकावर नसते, मग लोक तिच्या जागी इंग्रजी आकड्यांतला एक ठोकून मोकळे होतात. मला हा जुगाड फार आवडतो. भाषा अजून रोजच्या वापरात आहे, याचा याहून चांगला पुरावा कुठला?

धाकधूक आहे ती शाळेची. या प्रजासत्ताकाच्या राजभाषा पाच, त्यामुळे वेगवेगळ्या घरचे चौघे जमले की गप्पा रशियनमध्ये. त्यात २०१८ च्या कायद्याने मातृभाषेचा तास ऐच्छिक झाला. तो हवा असेल तर आई-बापांनी तसं लेखी कळवायचं. पोरांनी पुढे मॉस्कोत नोकरी करावी असं वाटणारे किती पालक कळवतील, तुम्हीच सांगा. तरी पसिझमध्ये माझ्या हयातीत अबाझा भाषा बंद पडेल असं मला वाटत नाही. तुर्कस्तानात गेलेल्या अबाझांच्या नातवंडांबद्दल मात्र असं छातीठोक सांगवत नाही.