तिन्हीसांजेचा नेम : फ्लॅट टॉप्समधली भटकंती

कोलोरॅडोत सप्टेंबरच्या मध्यावर नऊ दिवसांचा एक हंगाम असतो, फक्त ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या बंदुकांचा. त्याच दिवसांत धनुष्यबाणवालेही रानात असतात. एल्क, म्हणजे इथलं थोराड हरण, मारायला आधुनिक रायफलवाले येतात ते ऑक्टोबरात. ठासणीचा परवाना सोडतीने मिळतो, अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला भरावा लागतो, आणि नंबर लागेलच असं नाही. आमच्या डेन्व्हरच्या शेजाऱ्याचा या वेळी लागला, मीकर गावाच्या बाजूला, एल्कच्या मादीचा. "ओझं वाहायला एक तरुण माणूस हवाय, येतोस?" त्याने कुंपणावरून विचारलं. मी पन्नाशीला टेकलोय. पण तो सत्तरी ओलांडलेला, त्याच्या हिशेबात मी पोरगाच. माझ्याकडे ना परवाना ना बंदूक. कॅमेरा आणि दुर्बीण घेतली आणि निघालो.

ठासणीची बंदूक मला अगदी परकी नव्हती. आमच्या आजोळी, कुडाळकडे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एक होती. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर सोडवून आणायची, एवढाच तिचा प्रवास. भातात रानडुकरं उतरली की मामा बार काढायचा तो आभाळाकडे. काम आवाजाचं होतं, त्यामुळे नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, कुठे आहे हे कुणी बघितल्याचं आठवत नाही. इथे मात्र त्या माशीवर लोक तासन् तास बोलतात, आणि या सहलीत मी ते सगळं ऐकलं.

डेन्व्हरहून आय-७० महामार्ग पकडला की चढ सुरू होतो. आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. त्यातून पलीकडे पडलं की पाणी पॅसिफिकच्या बाजूला वाहायला लागतं. पुढे ग्लेनवुड कॅन्यनमध्ये कोलोरॅडो नदीच्या काठाने रस्ता इतका सुंदर जातो की ड्रायव्हरने बघू नये. मग रायफल नावाचं गाव. हो, खरंच. बंदुका घेऊन चाललेल्या माणसांनी तिथे डिझेल भरायचं आणि पाटीखाली फोटो काढायचा, हा रिवाज आम्हीही पाळला. तिथून १३ नंबरचा रस्ता उत्तरेला मीकरला जातो.

मीकरच्या जुन्या हॉटेलच्या लॉबीत भिंतभर एल्कची मुंडकी टांगलेली आहेत. थिओडोर रूझवेल्ट १९०१ साली या भागात प्युमाच्या शिकारीला आला होता, ते गाव अजून विसरलेलं नाही. मूळची ही भूमी यूट या आदिवासी लोकांची. नेथन मीकर नावाच्या सरकारी एजंटने घोडे पाळणाऱ्या या लोकांना नांगर धरायला लावायचा हट्ट केला, १८७९ मध्ये त्याचा शेवट रक्तपातात झाला, आणि त्यानंतर यूटांना युटा राज्याकडे हाकललं गेलं. गावाला नाव मात्र मीकरचं. याबद्दल शेजाऱ्याशी बोलायला गेलो तर त्याने खांदे उडवले, म्हणून पुढे मीही बोललो नाही.

गावापासून व्हाइट नदीच्या काठाने पूर्वेला गेलं की अॅस्पेनची झाडं पिवळी पडायला लागलेली दिसतात आणि शेवटी फ्लॅट टॉप्स नावाच्या सपाट माथ्याच्या डोंगरांत ट्रॅपर्स लेक हे तळं येतं. १९१९ मध्ये आर्थर कारहार्ट नावाचा वनखात्याचा माणूस इथे तळ्याभोवती बंगल्यांसाठी प्लॉट आखायला आला आणि "इथे काहीही बांधू नका" असं सांगून परत गेला. सरकारी नोकराने आपलंच काम रद्द करून घेतल्याचं हे उदाहरण मला फार आवडतं. २००२ च्या वणव्यात इथलं बरंच जंगल जळलं. काळी-करडी खोडं अजून उभी आहेत, आणि त्यांच्या मधून गवत माजलंय. एल्कना ते फार मानवलंय.

आमचा तंबू तळ्यापासून जरा अलीकडे, साधारण नऊ हजार फुटांवर. शेजाऱ्याचे दोन जुने दोस्त आधीच येऊन बसले होते. एक शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, दुसरा सुतार. चुलीवर कॉफी, पायाशी तीन बंदुका.

थोडं नियमांबद्दल, कारण सगळी गंमत तिथेच आहे. कोलोरॅडोच्या या हंगामात दुर्बीण बसवलेली बंदूक चालत नाही. बॅटरीवरचा लाल ठिपकाही नाही. बंदुकीची दारू सुटी हवी, औषधाच्या गोळ्यांसारखी दाबलेली नको, आणि धूर न करणारी तर मुळीच नको. उघडी साइट हवी, म्हणजे काचेशिवाय नेम धरायची सोय: मागे खाच किंवा कडी, पुढे माशी. तिच्यात फायबर ऑप्टिक (उजेड गोळा करणारी रंगीत काडी) किंवा चमकता रंग चालतो. शिकार सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. नियम बदलत असतात, तेव्हा जाणाऱ्याने त्या वर्षीचं पुस्तक वाचावं. पण मेख लक्षात आली का? दुर्बीण असती तर प्रश्न मिटला असता. ३२ मिलिमीटरची काच आणि चारपट मोठेपणा म्हणजे डोळ्यापाशी ८ मिलिमीटर रुंद उजेडाचा झोत, माणसाची बाहुली अंधारात उघडते त्याहूनही थोडा जास्तच. दुर्बिणीला संधिप्रकाश म्हणजे काहीच नाही. उघड्या साइटला मात्र तो सगळ्यात वाईट वेळ, आणि एल्क नेमके त्याच वेळी झाडीतून बाहेर पडतात.

संध्याकाळी सुतारानेच टूम काढली. तिन्ही बंदुका रिकाम्या, ठिणगी पाडणारे प्रायमर आणि कॅपा तंबूत, गज नळीत घालून पुन्हा खात्री. समोर सत्तरेक पावलांवर एक जळकं खोड, त्याला मध्येच साल सोललेला करडा पट्टा. सूर्य डोंगराआड गेल्यापासून आळीपाळीने प्रत्येकाने तिन्ही बंदुकांतून त्या पट्ट्यावर नेम धरायचा आणि काय दिसतं ते बोलायचं. मी वहीत लिहायचं.

मास्तरांची बंदूक नव्या धर्तीची. मागे दोन हिरवे फायबर, पुढे लाल. सुरुवातीला ती दिवाळीच्या माळेसारखी झगमगत होती, आणि मी मनात म्हटलं, झालं, हीच जिंकणार. सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांनी पुढचा लाल ठिपका आधी विटकरी, मग तपकिरी झाला आणि मग गेलाच. मागचे दोन हिरवे तसेच. म्हणजे मागे दोन डोळे आणि मधे काहीच नाही! उजेड कमी झाला की आपली नजर निळ्या-हिरव्याकडे झुकते आणि लाल काळवंडतो, हे पुर्किने नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलंय. बागेतला जास्वंद तिन्हीसांजेला काळा दिसतो आणि पानं मात्र दिसत राहतात, ते याचमुळे. दुकानात मात्र पुढे बऱ्याचदा लालच विकतात, कारण दुकानात दिवे लागलेले असतात. शिवाय फायबर स्वतः काही उजेड तयार करत नाही. अंगावर पडलेला गोळा करून टोकाला देतो, इतकंच. मास्तर दोन पावलं मागे, फरच्या झाडाखाली सरकले तर हिरवेही मंदावले.

शेजाऱ्याची बंदूक जुन्या घाटाची, लाकडी दस्त्याची. मागे अरुंद खाच, पुढे माशीच्या जागी पितळी मणी. हिचा स्वभाव मजेशीर निघाला. पश्चिमेकडे पाठ करून उभं राहिलं की मावळतीचा उजेड मण्यावर पडायचा आणि तो छान चमकायचा. तोंड पश्चिमेकडे केलं की काळा ठिक्कर, जळक्या खोडावर शोधूनही सापडेना. पण मणी दिसला तरी खाच कुठे होती? काळी नळी, काळी खाच, त्यापुढे काळं रान. मागची खाच सगळ्यात आधी मरते, हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

याचं कारण फोटो काढणाऱ्याला लगेच कळतं. अंधारात बाहुली मोठी होते, आणि छिद्र (अॅपर्चर) मोठं असलं की जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्पष्ट दिसत नाही. खाच हातभर अंतरावर, माशी त्याच्या पुढे, जनावर साठ-सत्तर यार्डांवर. दुपारी तिन्ही गोष्टी कशाबशा एकत्र दिसतात, संध्याकाळी नाहीत. त्यात चाळिशीचा चष्मा लागलेला असेल तर जवळची खाच मुळातच धुरकट.

म्हणून सुतार शहाणा. त्याच्या बंदुकीला मागे खाचच नाही, डोळ्याजवळ एक गोल कडी आहे, पीप साइट. कडीकडे बघायचं नसतं, तिच्यातून बघायचं असतं. डोळा आपोआप मध्यभाग शोधतो. तीन गोष्टींतली एक कमी झाली. दिवसा त्या कडीत बारीक भोकाची चकती बसवलेली असते, ती नजर तीक्ष्ण करते पण उजेड खाते. सूर्य गेल्यावर चकतीतून बघितलं तर खोडसुद्धा मळकट दिसलं. सुताराने ती दोन बोटांनी फिरवून काढली, खिशात टाकली, आणि बंदूक परत माझ्या हातात दिली. आता कडी म्हणजे नुसती धुरकट रेघ, आतून सगळं माळरान उघडं. पुढच्या माशीला त्याने पांढऱ्या इनॅमलचा उभा पट्टा दिला होता, तो करड्या सालीवर अजून दिसत होता. अर्धा तास भरला तेव्हा मोकळ्या माळावर ही एकच बंदूक कामाची उरली होती. झाडांच्या सावलीत बघितलं तर तीसुद्धा दहा मिनिटं आधीच आंधळी झाली होती, हेही लिहून ठेवतो. कायद्याचा अर्धा तास सगळीकडे सारखा, रानातला नाही.

माशी किती जाड असावी यावर मग वाद रंगला. शेजारी म्हणे, जाड मणीच संध्याकाळी दिसतो. खरं आहे. पण हिशेब मांडला: एक सोळांश इंचाचा मणी डोळ्यापासून तीस इंचांवर असेल तर १०० यार्डांवर तो साडेसात इंच झाकतो. पन्नासावर पावणेचार. "मग अंधारात शंभरावर मारायचंच कशाला?" तो म्हणाला, आणि यावर मास्तरांकडेही उत्तर नव्हतं. मला वाटतं त्याचं बरोबर आहे. अंधुक उजेडासाठी साइट घेणाऱ्याने अंतरही त्याच वेळी ठरवून टाकावं. लांबचं आणि अंधारातलं, दोन्ही एका माशीकडून मागू नये.

आता तुम्ही म्हणाल, मग शेजाऱ्याने रात्रीच कडी बसवून घेतली असेल. तसं करता येत नाही. साइट बदलली की बंदूक पुन्हा कागदावर मारून जुळवावी लागते, आणि शिकारीच्या आदल्या रात्री रानात धडाधड बार कोण काढणार. त्याने बसायची जागा बदलली. सकाळी पूर्वेकडे पाठ हवी, म्हणजे मण्यावर उजेड पडेल. पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते, म्हणून आपण खाली आणि जनावर वर हवं, म्हणजे आपला वास त्याच्याकडे जात नाही. दोन्ही जुळणारी जागा कुरणाच्या खालच्या अंगाला, एका आडव्या पडलेल्या ओंडक्यामागे मिळाली.

पहाटे गवतावर दहिवर गोठलेलं. बंदूकवाल्याला नियमाने अंगात भडक नारिंगी जाकीट आणि डोक्याला तशीच टोपी. हरणांना तो रंग आपल्यासारखा दिसत नाही म्हणतात, तरी मला आपण रस्त्याच्या कामावर आल्यासारखं वाटत होतं. वेळ सुरू व्हायच्या आधीच वर नर ओरडला. एल्कच्या नराचा आवाज त्याच्या तीनशे किलोच्या देहाला अजिबात शोभत नाही; चिरकी शीळ, शेवटी घोगरी. वेळ सुरू झाली आणि पाठोपाठ माद्या कुरणात उतरल्या, साठ पावलांवर. मला दुर्बिणीतून त्यांच्या मानेवरचे केससुद्धा दिसत होते. शेजाऱ्याने बंदूक खांद्याला लावली, बराच वेळ तशीच धरली आणि खाली घेतली. "मणी आहे, खाच नाही," तो पुटपुटला. माद्या चरत चरत झाडीत गेल्या.

सूर्य वर आल्यावर त्यांतल्या काही परत आल्या. आता मणी पिवळाधमक, खाच स्पष्ट. बार झाला आणि समोर पांढऱ्या धुराची भिंत. काळ्या दारूचा हा भाग मी विसरलो होतो: नेम कुठे लागला हे मारणाऱ्याला दिसतच नाही. गंधकाचा वास, कानात शिट्टी. तो शांतपणे दारू मोजून पुन्हा ठासायला लागला आणि मला म्हणाला, "तू बाजूला बसला होतास, तूच सांग." मादी खांद्यामागे लागून झाडीच्या कडेला गेली होती. अर्धा तास थांबून गेलो तर शंभरेक पावलांवर पडलेली मिळाली.

बाकीचा दिवस माझा, म्हणजे तरुण माणसाचा. खाण्याजोगं मांस टाकून यायला कायद्याने बंदी आहे, आणि मादीच होती याचा पुरावा मांसाला जोडलेला ठेवावा लागतो. चार तंगड्या कापडी पिशव्यांत भरून, पाठीवर, त्या उंचीवर, त्या पडलेल्या खोडांवरून. त्याचं वर्णन करत नाही. मीकरला परतताना क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या मेंदूच्या रोगाच्या तपासणीसाठी डोकं वन्यजीव खात्याकडे दिलं. १९६७ मध्ये तो पहिल्यांदा लक्षात आला तो याच राज्यात, फोर्ट कॉलिन्सला. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये.

परतीच्या वाटेवर शेजाऱ्याने आपल्या बंदुकीत करायच्या बदलांची यादी सांगितली आणि मी फोनवर टिपली. मागे मोठी कडी, चकती काढता येईल अशी. पुढे पितळी मण्यालाच मागच्या बाजूने पांढरा रंग, लाल काहीही नको. हिवाळ्यात कागदावर जुळवणी, पन्नास यार्डांवर, तीही दुपारी नव्हे तर दिवस मावळताना. मी १९४९ नंतर जन्मलेला, म्हणजे मला परवाना हवा असेल तर आधी शिकारीचा वर्ग पास करावा लागेल. नाव नोंदवलंय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.