बॅटरी बदल म्हणणाऱ्यांनो, आधी मीटर लावा

इकडे बर्फाच्या देशात जुनी गाडी चालवणाऱ्याला हिवाळ्यात सगळीकडून एकच सल्ला मिळतो, बॅटरी बदल. शेजारी म्हणतो, ऑफिसातले म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅपवरून तिकडून दादाही तेच म्हणतो. नवी बॅटरी टाकली की गाडी खरंच चालू होते, त्यामुळे सगळ्यांना वाटतं सल्ला बरोबरच होता, आणि मग काही दिवसांनी ती नवी बॅटरीपण उतरते. माझी गाडी वीस वर्षांच्या पुढची, रात्रभर उघड्यावर बर्फात उभी, आणि माझं स्पष्ट मत आहे की जुन्या गाडीत बॅटरी बिचारी बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाच्या तरी पापाची शिक्षा भोगत असते.

थंडीचा हात आहेच म्हणा. उणे 18 डिग्रीला बॅटरीची ताकद साधारण निम्म्यावर येते, आणि त्याच वेळी इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं म्हणून स्टार्टर नेहमीपेक्षा जास्त करंट मागतो. बॅटरीच्या स्टिकरवर सीसीए (कोल्ड क्रँकिंग अ‍ॅम्प्स, म्हणजे थंडीत स्टार्टरला किती करंट देऊ शकते) म्हणून जो आकडा असतो ना, तो याच उणे 18 ला मोजलेला असतो, इकडे बॅटरी घेताना लोक तोच बघतात. अजून एक, पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड जवळपास पाण्यासारखं पातळ झालेलं असतं, ती उणे दहाच्या आसपाससुद्धा गोठू शकते. फुगलेली, गोठलेली बॅटरी दिसली तर चार्जर लावायचा नाही, जंप स्टार्ट तर अजिबात नाही.

आता मीटर. साधा मल्टिमीटर पुरतो, डीसी 20 व्होल्टवर ठेवायचा. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी काहीही चालू न करता बॅटरीवर लावा, 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरलीच. मग गाडी चालू करून परत बघा, 13.8 ते 14.5 च्या मध्ये आकडा पाहिजे. बारा पॉइंट काहीतरीवरच अडकून हळूहळू खाली येत असेल तर चार्जिंग होत नाहीये, मग आल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा, पट्टा सैल आहे का, त्याचे कार्बन ब्रश झिजलेत का ते बघायचं. 15 च्या वर गेला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला, बॅटरी उकळते, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि बल्ब पटापट उडतात.

इथपर्यंत सगळे करतात. खरी मजा पुढे आहे. माझ्या गाडीत ब्लोअर लावला की डॅशबोर्ड मंद व्हायचा, वायपर रेंगाळायचा, बॅटरी नवी होती. गाडी चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, अशा अवस्थेत आल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीवर आणि त्याच्याच बॉडीवर मीटर लावला तर 14.3, आणि बॅटरीवर 13.4. म्हणजे आल्टरनेटर ठणठणीत, मधेच 0.9 व्होल्ट कोण खातंय? एक टोक आल्टरनेटरच्या बॉडीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, 0.7. पॉझिटिव्ह बाजूला फक्त 0.2. अर्थिंगच्या, म्हणजे निगेटिव्हच्या बाजूला एवढा आकडा म्हणजे चोर सापडला, तिथे 0.2 च्या वर काही दिसायलाच नको.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याचा सगळा करंट परत जायला एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीवर अवलंबून असतो, जी इंजिनपासून बॉडीला जाते. इकडे हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते पाणी नेमकं तिथेच उडतं. पट्टी वरून चांगलीच दिसत होती. बोल्ट काढला तर खाली हिरवी पावडर, आणि बॉडीच्या बाजूला गंजाचा पापुद्रा. पॉलिश पेपरने दोन्हीकडचा धातू चमकेपर्यंत घासला, बोल्ट घट्ट केला, वरून ग्रीस फासलं. परत मोजलं तर बॅटरीवर चौदाच्या वर. एकही पार्ट विकत आणावा लागला नाही!

डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा पण बघा, चालताना पेटत नाही एवढ्यावर खूश होऊ नका. चावी फिरवली की इंजिन चालू व्हायच्या आधी तो पेटलाच पाहिजे. बऱ्याच जुन्या गाड्यांत आल्टरनेटरला जागं करणारा छोटा करंट त्या बल्बमधूनच जातो, बल्ब उडाला की आल्टरनेटर नुसता फिरतो, चार्ज करत नाही, किंवा जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर करतो. लोक त्यापायी आल्टरनेटर बदलून बसतात.

चार्जिंग नीट आणि तरी सकाळी बॅटरी बसलेली, मग कुणीतरी रात्री करंट पितंय. निगेटिव्ह वायर काढून मध्ये मीटर 10 अ‍ॅम्पिअरवर जोडायचा, दारं बंद करून अर्धा तास थांबायचं. 50 मिलिअ‍ॅम्पिअरच्या आत असेल तर ठीक. अर्धा अ‍ॅम्पिअर असेल तर 50 अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत रिकामी, थंडीत त्याआधीच. मग एकेक फ्यूज काढत जायचं, ज्याच्यावर आकडा धपकन पडतो ती लाइन. डिकीतला दिवा, ग्लोव्ह बॉक्सचा दिवा किंवा नंतर कुणीतरी बसवलेला रेडिओ, हे नेहमीचे यशस्वी कलाकार. फ्यूज काढून काहीच बदललं नाही तर आल्टरनेटरची वायर सोडवून बघा, आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला असेल तर करंट तिथून उलटा गळतो. मीटर जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

आणि ती जुनी युक्ती, गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि इंजिन बंद पडतंय का बघायचं, कृपा करून कुणी करू नका. बॅटरी काढल्या क्षणी व्होल्टेज उसळी मारतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, जळू शकतो. आल्टरनेटरची टेस्ट मीटरवर होते, त्याला एक मिनिटही लागत नाही.