तुम्ही विचारलंत म्हणून: शेक नीट घेतला नव्हता का?

डिसेंबरात धुळ्याचा पारा दहाच्या खाली गेला तरी मी पंखा लावते, अंगावर चादरसुद्धा घेत नाही. ते पाहिलं की घरी आलेली बाई विचारतेच, "बाळंतपणात शेक नीट घेतला नव्हता का गं?"

घेतला होता. पुरेपूर घेतला होता. भर मे महिन्यात, माहेरी, पारोळ्याकडच्या गावात. खिडकीला गोधडी, बाजेखाली शेगडी, ओव्या-बाळंतशोपाची धुरी, कानाला घट्ट रुमाल. बाहेर ४४ अंश. वर पाणीही मोजून, कारण पाण्याने म्हणे पोट सुटतं. आता तरी हा प्रश्न माझ्यापुरता मिटवा.

शेकाने कंबरेला बरं वाटायचं, हे नाकारत नाही. बाळ झाल्या झाल्या मला जी हुडहुडी भरली, तिने दात वाजत होते. ती खूप जणींना भरते आणि थोड्या वेळात जाते. तेव्हा ब्लँकेट हवंच होतं. पण त्यानंतरच्या रात्री मी घामाने भिजून उठायची, ती काही वारं लागून नव्हे. वार (प्लॅसेंटा) पडली की इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स धाडकन उतरतात आणि नऊ महिने साठलेलं जादा पाणी शरीर लघवीवाटे, घामावाटे बाहेर टाकतं. त्यात अंगावर पाजणारीचं इस्ट्रोजेन कमीच राहतं, त्यामुळे उकडणं आणि घाम लांबतो. म्हणजे पाणी जास्त लागतं, आणि आमच्याकडे तेच तोडतात.

पोटुशी असतानाही मला भयंकर उकडायचं. गंमत अशी, की पहिल्या तीन महिन्यांत किंचित चढलेलं तापमान पुढे हळूहळू उतरत जातं. शेवटी जीव उकडून निघतो, पण थर्मामीटर आधीपेक्षा कमीच दाखवतो. रक्त चाळीस-पन्नास टक्के वाढलेलं असतं आणि ते कातडीकडे जास्त धावतं. बाळ आईपेक्षा साधारण अर्ध्या अंशाने गरम. त्याची उष्णता वारेतून आईच्या रक्तात येते आणि तिनेच ती बाहेर टाकायची. अंगाला काय वाटतं आणि पारा काय दाखवतो, ह्यांचा मेळ बसेलच असं नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर पाचवीच्या रात्री मी भांडले असते. की नसते? माहीत नाही.

पाचवीची रात्र. पाटावर सटवाईची पूजा मांडलेली, ओसरीत पाहुण्या बाया, लाइट गेलेली. संध्याकाळपासून ओटीपोट दुखत होतं. मग अंगात थंडी शिरली, बाज हलेल अशी. आईने पायाला हात लावला आणि घाबरली. "पाय कसा गार पडी ग्यात देख!" मावशीचा निकाल तयार होता: "वारं लागनं तिले." शेगडीत कोळसे वाढले. दोन गोधड्या आल्या. कपाळ घामाने ओलं, त्यामुळे हाताला तेही गारच लागत होतं. कुणी म्हणालं, दूध उतरतंय, दुधाचा ताप असेल. मी मात्र गप्प होते. सगळ्यांसमोर रुमाल फेकून द्यायची लाज वाटत होती. "शिकलेली आहे म्हणून नखरे" हे आधी एकदा ऐकून झालं होतं.

ताप चढत असतो तेव्हाच हातपाय गार पडतात, हे मला दवाखान्यात कळलं. मेंदू तापमानाची रेघ वर सरकवतो, कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. मायेने वाढवलेले कोळसे आधीच पेटलेल्या अंगाखाली जात होते. रात्री उशिरा भावाने शेजारून थर्मामीटर आणला: १०३. बाळंतिणीला पहिला दिवस उलटल्यावर १००.४ च्या वर ताप आला, तर जंतुसंसर्ग नाही ना, हे आधी बघायचं असतं. माझ्या गर्भाशयालाच झाला होता. पुढचे दिवस सलाइन आणि इंजेक्शनं. शेजारी बाळ, मान-काखा घामोळ्यांनी लाल. एवढ्याशा जिवाला घामही धड येत नाही, त्याला त्या भट्टीत माझ्याबरोबर ठेवलं होतं.

आईवर राग नाही. नाही म्हणजे, आहे, कधीकधी. तिची बाळंतपणं धाब्याच्या घरात झाली, जाड मातीच्या भिंती, आणि मी तर पौषातली. तिथे शेगडीला अर्थ होता. बाळ जन्मतं त्या खोलीचं तापमान २५ अंशांच्या खाली नको, असं डॉक्टरही सांगतात. आमची खोली पत्र्याची होती. मे महिन्यात २५ अंश आणायला तिथे शेगडी नाही, कूलर लागतो.

राहिला पंखा. मूल तीन वर्षांचं झालं, पाजणं कधीच थांबलं, थायरॉइड नॉर्मल आला, तरी मला उकडतं. बाळंतपणामुळे की मी अशीच, ते डॉक्टरांनीही सांगितलं नाही. मी म्हणते शेकाने, आई म्हणते शेक अर्धवट राहिला म्हणून. तिचं चुकतं हे मला पटलेलं आहे, पण माझं तरी कुठे सिद्ध झालंय?

भावजयीची तारीख वैशाखातली आहे. शेक होणारच, असं आईने सांगून टाकलंय. मी एवढंच मागितलं, की सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा आणि पाणी मागेल तेवढं द्यायचं. ताप मोजायला ती तयार आहे. पाण्यावरून अजून वाद चालू आहे.