एकदा पळून भागत नाही का?

'तुम्ही विचारलंत म्हणून' असं लिहायचं ठरलं की मला शोधाशोध करावी लागत नाही. शाळेत शिक्षक-खोलीत विचारतात, "मॅडम, दिवसातून दोनदा पळता म्हणे, खरंय का?" घरी सासूबाई विचारतात, "सकाळी गेली होतीस ना गं एकदा?" आणि आमच्या साताऱ्याच्या सदर बझारातले ते किराणा दुकानदार विचारतही नाहीत, सांगूनच मोकळे होतात, "सकाळी पळालासा न्हवं? पुरं की आता."

तर हो, मंगळवारी आणि गुरुवारी मी दोनदा पळते. सकाळी ग्रुपबरोबर, संध्याकाळी एकटी. बाकीचे दिवस चारचौघांसारखी एकदाच, आणि सोमवारी अजिबात नाही.

बहुतेकांना वाटतं यामागे काहीतरी शास्त्र असणार. शास्त्र आहे, पण ते माझ्यासाठी नाही. केनियातल्या काप्तागतला, समुद्रसपाटीपासून 2000 मीटरहून जास्त उंचीवर, एलियुद किपचोगेसारखे मॅरेथॉन धावपटू पहाटे एकदा आणि दुपार कलल्यावर पुन्हा पळत आलेत. त्यांचं आठवड्याचं अंतर 200 किलोमीटरच्या आसपास जातं. एवढं सगळं रोज एका दमात उरकायला गेलं तर पाय जागेवर राहणार नाहीत, म्हणून ते दोन भागांत पळायचं. नॉर्वेवाल्यांनी आणखी पुढची पायरी गाठली. एकाच दिवशी दोन जोरकस सराव करायचे, आणि मधेमधे बोटातून किंवा कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेट, म्हणजे जोरात पळताना रक्तात वाढणारा पदार्थ, मोजत वेग आवरता ठेवायचा. त्यांच्या याकोब इंगेब्रिग्त्सननं टोकियो ऑलिम्पिकमध्ये 1500 मीटरचं सुवर्ण मिळवल्यावर ही पद्धत जगभर गाजली. मी आठवड्याला 40-50 किलोमीटर पळणारी गणिताची शिक्षिका. कोणताही समंजस कोच मला सांगेल, बाई गं, ते दोन तुकडे जोड आणि एकदाच नीट लांब पळ, फायदा जास्त होईल. बरोबरच सांगेल. म्हणून 'दोनदा पळाल्यानं वजन लवकर उतरतं का' वगैरेंना माझ्याकडे उत्तर नाही. माझं कारण वेगळं आहे आणि ते समजायला आधी आमचा ग्रुप समजायला हवा.

आम्ही साडेपाचला समर्थ मंदिरापाशी जमतो आणि यवतेश्वरचा घाट चढतो. साताऱ्यात पळणाऱ्यांचा घाट म्हणजे हाच. 2012 पासून इथे सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते, 21 किलोमीटरची, जाताना चढ आणि येताना तोच उतार. तिच्यामुळे सबंध शहराला पळण्याची भाषा आली. रिक्षावाले आता 'मॅरेथॉनची माणसं' म्हणून बाजू देतात. त्याआधीच्या साताऱ्यात एखादी बाई ट्रॅक पँट घालून रस्त्यानं पळाली की लोक मागे कोण लागलंय ते बघायचे. पुढे माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलमध्ये जाऊन दहावी आली, तेव्हा तर आमच्या जिल्ह्याला बायकांच्या पळण्याचं भारी कौतुक आलं. असो.

घाटात ग्रुप लागतोच. पावसाळ्यात धुकं इतकं उतरतं की पुढच्याचा पांढरा टी-शर्ट दिसतो आणि त्याच्या पुढचा नाही. डोंगराच्या बाजूनं एकामागे एक पळायचं, मागून दिवे दिसले की शेवटच्यानं "गाडीऽऽ" म्हणून ओरडायचं. फुलांच्या दिवसांत कासला निघालेल्या गाड्या उजाडायच्या आत घाट चढायला लागतात. आमच्यात एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर काका आहेत. त्यांनी हा घाट आयुष्यभर स्टिअरिंगमागून पाहिला आणि आता पायांनी बघतायत. वळण आलं की ते म्हणणार, "गिअर खाली घ्या, गिअर खाली घ्या." म्हणजे पाऊल छोटं करा. मी कोचिंगचे कितीतरी व्हिडिओ पाहिलेत, चढावरच्या पळण्याबद्दल याहून कामाचं कुणी बोललेलं नाही. आणि बोलणं तर काय, संपत नाही. कुणाची शुगर किती आली, कुणाच्या प्लॉटचा सातबारा अडकलाय, कुणाच्या मुलीला दाखवायला कोण आलं होतं. धापा टाकत अर्ध्या अर्ध्या वाक्यात सांगितलेल्या या गोष्टी ऐकता ऐकता घाट कधी सरतो कळत नाही. एकटीनं तो चढ मला नको होतो, हे स्पष्ट सांगते.

पण ग्रुपची एक खोड आहे, आणि ती प्रत्येक ग्रुपची असते. अर्धं पाऊल. दोघं शेजारी शेजारी पळत असतात, गप्पा चालू असतात, आणि त्यातला एक जण नेहमी अर्धं पाऊल पुढे असतो. तुम्ही त्याला गाठता, तो पुन्हा अर्धं पाऊल पुढे. त्याला विचारा, तो शपथेवर सांगेल की मी आरामात पळतोय. तुम्हीही तेच सांगाल. तोवर मागचे ओढले जातात, त्यांच्या मागचे त्यांच्यामागे, आणि 'आज इझी रन हं, आज कुणी पळवायचं नाही' म्हणून निघालेली मंडळी मंदिराच्या कमानीपाशी पोचेपर्यंत लालबुंद झालेली असतात. बायकाही यात मागे नाहीत. आमच्यातल्या एका डॉक्टरीणबाईंचं अर्धं पाऊल तर ठरलेलं आहे. मी त्यांना तोंडावर सांगितलंय, त्या हसल्या आणि पुढे गेल्या.

यात वाईट काही नाही. या अर्ध्या पावलानंच मी घाट चढायला शिकले. फक्त एक होतं, की सकाळच्या पळण्यातून मला माझं काहीच कळत नाही. मी दमलेय की नाही, गुडघा खरंच दुखतोय की झोप नीट झाली नाही, आजचा वेग माझा आहे की डॉक्टरीणबाईंचा. माणसं बरोबर असली की शरीराच्या तक्रारी ऐकू येत नाहीत. आणि चाळिशी उलटल्यावर त्या ऐकू येणं गरजेचं असतं.

म्हणून संध्याकाळ. शाळा सुटते, घरी येते, चहा होतो, आणि साडेसहाच्या सुमारास मी सदर बझारच्या बाजूला निघते. तिकडे रस्ते त्यातल्या त्यात रुंद, झाडं आहेत, दिवे आहेत. राजपथावर त्या वेळी चालता येत नाही, पळणं लांबच. अजिंक्यताऱ्याकडे जाण्याचा मोह होतो, पण अंधार पडताना तिकडे एकटीनं जायचं नाही हा माझा नियम आहे आणि तो मोडत नाही. कानात काही घालत नाही. गाडी कुठून येते, कुत्रं कुठून येतं, हे ऐकू आलं पाहिजे. कुत्र्यांसमोर तर पळायचंच नाही, चालायला लागायचं आणि त्यांच्याकडे बघायचं नाही.

पहिला किलोमीटर भयंकर असतो. दिवसभर फळ्यासमोर उभं राहून पोटऱ्या दगड झालेल्या असतात, त्यात सकाळचा घाट. सकाळी पळताना स्नायूंमधली साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, बरीच खर्च होते आणि ती पूर्ण भरायला चोवीस तासांच्या आसपास लागतात. म्हणजे दुसऱ्यांदा निघताना टाकी अर्धवट भरलेलीच असते. यावर इलाज एकच, सकाळी आल्या आल्या नीट खायचं. मी पोहे आणि केळं खाते, डब्यात भाकरी जास्त नेते. 'पळून आले आणि उपाशी राहिले, तेवढंच बारीक होईन' हा हिशोब करणाऱ्या मैत्रिणींनी दुसऱ्यांदा बाहेर पडूच नये. दुसऱ्या किलोमीटरला मात्र काहीतरी सुटतं. एक तर संध्याकाळी शरीराचं तापमान पहाटेपेक्षा थोडं जास्त असतं, सांधे पहाटेसारखे आखडलेले नसतात. आणि मी खरंच हळू पळते. इतकी हळू, की एकदा एक आजोबा सायकलवरून माझ्या बाजूनं जाताना आपुलकीनं म्हणाले, "दम घ्या जरा, बसा."

हळू म्हणजे किती, हे ठरवायची सोपी खूण सगळ्यांना माहीत आहे. पळताना सलग बोलता आलं पाहिजे. पण एकटीनं बोलायचं कुणाशी? मी पाढे म्हणते. खोटं वाटेल, पण एकोणतिसाचा पाढा हे उत्तम यंत्र आहे. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी... शंभराच्या पुढे गेल्यावर श्वास तोडावा लागला की वेग कमी करायचा. बरा दिवस असेल तर पावकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे पाव, दीड आणि अडीचचे पाढे. आमच्या वर्गात कॅल्क्युलेटरवर वाढलेली पोरं आहेत, त्यांना दिडकी म्हणजे काय ते सांगण्यात तास जातो. रस्त्यावर मला ती अडल्याशिवाय म्हणता येते, ज्या दिवशी अडते त्या दिवशी मी परत फिरते. सकाळच्या कुठल्याही घड्याळानं मला इतकं खरं सांगितलेलं नाही.

एकट्यानं पळणाऱ्यांतला माझा आवडता पुरुष म्हणजे फिनलंडचा पावो नुर्मी. हातात स्टॉपवॉच घेऊन पळायचा, शेजारी कोण आहे याची पर्वा न करता. 1924 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्यानं एकाच दिवशी 1500 मीटर आणि 5000 मीटर अशा दोन्ही शर्यती जिंकल्या, तेही मध्ये जेमतेम तासाभराची उसंत घेऊन. सासूबाईंना हे सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "त्याला घरी भाकऱ्या थापायच्या नव्हत्या." मुद्दा बिनतोड आहे.

अडचणी विचाराल तर सगळ्यात मोठी बुटांची. साताऱ्याच्या पावसात सकाळचे बूट संध्याकाळपर्यंत वाळत नाहीत. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभरानं ओले काढून कोरडे घालायचे, पंख्याखाली आडवे ठेवायचे, तरी टाचेपाशी ओल राहतेच आणि मग फोड येतो. जून ते सप्टेंबर दुसरा जोड लागतो. महाग पडतं. दोनदा पळायचं ठरवलंत तर घड्याळाआधी यावर पैसे घाला.

आणि रविवारी लाँग रन झाल्यावर संध्याकाळी पळू नका. घाट उतरताना मांड्यांवर जो मार बसतो तो त्या दिवशी कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतो. दुसरं पळणं साध्या दिवशी, अर्ध्या तासाचं, लाज वाटेल इतकं हळू.

शेवटी तो नेहमीचा उपप्रश्न. हे सगळं ऐकून कुणी ना कुणी म्हणतंच, "छान वाटतंय, मग संध्याकाळी मी पण येत जाऊ का तुमच्याबरोबर?" नको. राग मानू नका. सकाळी साडेपाचला समर्थ मंदिरापाशी या. डॉक्टरीणबाईंच्या शेजारी जागा नेहमी रिकामी असते.