केलेला पूल मोडायचा कशाला?

शाळेतल्या मुलांकडून मी काड्यांचे पूल करवून घेतो आणि मग मोडायला लावतो, ते कशाला, असे तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. "सर, पोरांनी दोन तास खपून केलेला पूल तुम्ही त्यांच्याच हाताने मोडायला लावता, हे काही बरे दिसत नाही. ठेवू द्या की कपाटात, विज्ञान प्रदर्शनाला तरी कामी येईल," असे रत्नागिरी-राजापूरकडच्या जवळजवळ प्रत्येक शाळेत मला कोणी ना कोणी ऐकवतेच. कधी मुख्याध्यापक, कधी पालक, आणि एकदा तर पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनीही ऐकवले, कारण बादली त्यांची होती.

माझी सगळी नोकरी रस्ते, मोऱ्या आणि साकव, म्हणजे लहान पूल, बांधण्यात गेली. निवृत्तीनंतर शाळांची बोलावणी येऊ लागली ती बहुधा 15 सप्टेंबरच्या निमित्ताने. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा 1861 मधला जन्मदिवस आपण अभियंता दिन म्हणून पाळतो, आणि त्यांची नोकरी 1884 मध्ये आपल्याच मुंबई प्रांतात, नाशिकला सुरू झाली होती, एवढे सांगून झाले की माझे भाषण संपते. पुढे मला लागते ती एक बादली, दोन बाक, सुतळी, आणि खराट्याचे हीर.

हीर मी मुद्दाम निवडले. आइस्क्रीमच्या काड्या विकत आणाव्या लागतात, आणि त्या सगळ्या एकसारख्या असतात. नारळाच्या झापाचा हीर एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक, ओला असला तर लवचीक आणि वाळला की ठिसूळ. म्हणजे साहित्य पारखून घेणे ही पहिली पायरी आपोआप होते. पाच-सहा हिरांची जुडी सुतळीने बांधायची, अशा जुड्यांचे त्रिकोण जोडायचे, आणि दोन बाकांमधल्या दोन फुटांच्या अंतरावर साकव टाकायचा. पोफळीचे दोन सोट पऱ्यावर, म्हणजे छोट्या ओढ्यावर, आडवे टाकून केलेला साकव आमच्याकडच्या मुलांना ठाऊक असतो, त्यामुळे 'पूल' म्हटल्यावर जे दडपण येते ते 'साकव' म्हटल्यावर येत नाही. त्रिकोणच का, हे सांगत बसावे लागत नाही. चार जुड्यांचा चौकोन करून कोपऱ्याला धरून ढकलला की तो तिरका होतो, आणि त्यात एक कर्ण बांधला की हलत नाही.

साकवाच्या मध्यावर बादली टांगायची आणि लिटरच्या बाटलीने पाणी ओतत जायचे. एक लिटर म्हणजे एक किलो, वजनकाट्याची गरज नाही. मात्र पहिली बाटली ओतण्यापूर्वी प्रत्येक गटाने वहीत एक ओळ लिहायची असते: आमचा साकव कुठे मोडेल. माझ्या लेखी सगळ्या तासाचा जीव त्या एका ओळीत आहे. बहुतेक गट 'मध्ये' असे लिहितात, आणि बहुतेकांचा साकव मध्ये मोडत नाही. कुणाची गाठ सुटते, कुणाचा साकव बाकावरून घसरतो, आणि ज्यांचे बांधकाम खरोखर चांगले असते त्यांच्या साकवाची वरची जुडी आठव्या-नवव्या लिटरला एका बाजूला धनुष्यासारखी वाकते आणि मग सगळेच कोसळते. त्या वेळी मी प्रत्येकाच्या हातात एकेक हीर देतो आणि दोन्ही टोकांनी दाबायला सांगतो. तो तुटण्याआधी वाकतो. आता तोच हीर निम्मा मोडून तेवढ्याच जोराने दाबा, तो ढिम्म राहतो. लांबी निम्मी झाली की वाकवायला चौपट भार लागतो. हे गणित पुढे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात कधीतरी भेटते, पण हाताला ते सातवीतच कळते. दुसऱ्या फेरीत मुले कुणी न सांगता वरच्या दोन जुड्यांमध्ये आडव्या काड्या बांधतात, म्हणजे जुडीची मोकळी लांबी कमी होते, आणि साकव पहिल्यापेक्षा जास्त पाणी पेलतो. पहिला साकव कपाटात गेला असता, तर हा दुसरा साकव झालाच नसता.

दुसरा प्रयोग दोन भेटींत होतो. सिमेंट आणि वाळूच्या मालाच्या फूटभर लांब पट्ट्या ओततो: एक नुसती, एक तळाशी बायंडिंग तार घातलेली, एक वरच्या अंगाला तार घातलेली. ओतणारे हात मोठ्या माणसांचे आणि हातमोज्यातले, कारण ओले सिमेंट कातडीला चांगले नाही. पण आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवून पाणी मारायचे काम मुलांचे. मग दोन विटांवर पट्टी ठेवून मध्यभागी भार द्यायचा. नुसती पट्टी कट् करून तुटते. वर तार असलेलीही जवळपास तशीच जाते. तळाशी तार असलेली मात्र खालून चिरते, चीर रुंदावत जाते, आणि तरी ती लटकून राहते. काँक्रीट दाब सोसते, ताण फारसा सोसत नाही, आणि वाकताना ताण खाली येतो, म्हणून सळई खाली. मग मी पट्टीचे एक टोक विटांखाली दाबून दुसरे मोकळे सोडतो आणि विचारतो, आता तार कुठे हवी? उत्तर वर. घराच्या छज्ज्याची सळई वर असते ती याचसाठी, आणि काँक्रीट ओतताना तिच्यावर पाय देऊन ती खाली दाबणारा मजूर किती मोठे नुकसान करतो, हेही त्याच वेळी सांगून टाकतो.

काही शिक्षकांचे म्हणणे असते की त्यापेक्षा मुलांना पानवळचा पूल दाखवून आणावा. जरूर न्यावे. कोकण रेल्वेचा तो पूल 424 मीटर लांब आणि सुमारे 64 मीटर उंच आहे, आणि त्याचा वरचा भाग एका टोकाला तयार करून खांबाखांबावरून पुढे ढकलत नेलेला आहे. पण आधी पट्ट्या मोडलेल्या नसतील तर मुले मान वर करून "केवढा उंच" म्हणतात आणि डबे उघडतात. पट्ट्या मोडून गेलेल्या एका मुलाने मला तिथे विचारले होते की पुढच्या खांबाला टेकण्याआधी पुलाचे तोंड हवेत असताना त्याला चीर वरून पडली नसती का? तो भाग ढकलताना तोंडाशी हलके पोलादी नाक जोडतात आणि काँक्रीटला ताणलेल्या पोलादी तारांनी आधीच आवळून ठेवतात, ते का, हे मग सांगता आले.

मोडण्याविषयीचा माझा आग्रह मात्र पुस्तकातून आलेला नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका वाडीच्या रस्त्याकडेला माझ्या देखरेखीखाली दोन मीटर उंचीची संरक्षक भिंत उभी राहिली. चिऱ्याची, सिमेंटात बांधलेली, वरून गुळगुळीत गिलावा. पाणी निघायची भोके नकाशात होती. पण गवंडी म्हणाला की त्यातून तांबडा चिखल गळून भिंत घाण दिसेल, पाऊस तोंडावर आला होता, आणि मी मान डोलावली. जुलैत तीन दिवसांची संततधार झाली आणि भिंत रात्रीत आडवी झाली. कोणाला लागले नाही, हे नशीब. दोन मीटर उंचीपर्यंत मागे पाणी साचले की भिंतीच्या दर मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचा रेटा दोन टन होतो, हे मला परीक्षेत लिहिता येत होते. सकाळी मी तिथे उभा असताना पलीकडचा गडगा दिसत होता: सुट्या चिऱ्यांचा, ना चुना ना सिमेंट, शेवाळलेला, आणि जागच्या जागी. त्याच्या फटीफटीतून पाणी ठिबकत होते. गडग्याचे मालक म्हातारेबुवा एवढेच म्हणाले, "अवो सायेब, पान्याला वाट नको?"

म्हणून तिसरा प्रयोग. पारदर्शक डब्यात पातळ फळीची भिंत, मागे माती, आणि मागून तांब्याने पाणी. भिंत पडते. मग फळीला भोके पाडून, मागे खड्यांचा थर देऊन तेच पुन्हा. भोकांतून गढूळ धारा लागतात आणि भिंत उभी राहते. या प्रयोगाला कोणी 'कपाटात ठेवा' म्हणत नाही, चिखल फार होतो.

खांबाच्या पायाखालची माती पाणी कसे खरवडून नेते, यासाठी तर डबाही लागत नाही. किनाऱ्यावरच्या शाळेत मी मुलांना परतत्या लाटेत उभे करतो, घोट्याच्या वर पाणी नको आणि शिक्षक सोबत हवेत. टाचेखालची वाळू सरकते, तोल जातो. पुरात पडणारे पूल पुष्कळदा असेच पडतात; वरचे बांधकाम शाबूत असते, पाया उघडा पडलेला असतो. महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला, त्याची आठवण घरात अजून निघते, असे काही मुले तिथे सांगतात. त्यावर मी फार बोलत नाही.

गेल्या सप्टेंबरात, भिंतीचा प्रयोग आटोपून मी हात धूत असताना सहावीतली एक मुलगी मला शाळेच्या मागे घेऊन गेली. तिथल्या संरक्षक भिंतीला चार भोके होती आणि चारही माती आणि वेफर्सच्या पुड्यांनी बुजलेली होती. तिने खराट्यातला सगळ्यात जाड हीर काढून आणला होता. तीन भोके मोकळी झाली, तांबडे पाणी आले, तिच्या फ्रॉकवरही आले. चौथ्यात हीर मोडला. ती मोडलेला तुकडा घेऊन मुख्याध्यापकांकडे पहार मागायला गेली.